आक्काच्या तळहातावरच्या खुणा

आईला मी आक्का म्हणते. माझे मामा तिला तसं म्हणायचे आणि लहानपणी मी त्यांच्यातच वाढले, म्हणून माझ्याही तोंडात तेच बसलं. वडील गेल्यापासून आक्का बोरगावला एकटी राहते. एक म्हैस, परसात चार झाडं, आणि भिंतीला भिंत लागून शेजारच्या काकू. मी बेळगावात अनगोळला वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायचे, अजूनही तिथंच राहते. लग्न झालं नाही. का झालं नाही ते सांगण्यासारखं काही नाही, होता होता राहिलं एवढंच.

तेव्हा मी एका प्रयोगशाळेत संशोधन प्रकल्पावर काम करत होते. उंदरांच्या मांडीतली नस चिमट्यानं दाबून इजा करायची, ठरावीक दिवसांनी ती काढून तिचे पातळ काप करायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला खिडकी नव्हती. सकाळी आत गेले की दुपारच्या डब्यालाच बाहेर यायचे. दारावरचा पहारेकरी कन्नडमधून विचारायचा, "ऊटा आयता?", जेवण झालं का. मी म्हणायचे, "आयतु." कितीतरी दिवस असे गेले की दिवसभरात मी तोंडानं बोललेला शब्द तेवढा एकच होता. संध्याकाळी खोलीवर आले की खालच्या घरमालकांच्या टीव्हीतली माणसं बोलत असायची. मी एका वाटीचा भात लावायचे आणि ते ऐकत जेवायचे.

एका गुरुवारी आक्काचा फोन आला. बोलता बोलता शेवटी म्हणाली, "हाताला जरा इळा लागलाय. टाके घातल्यात. काय न्हाय, तू येऊ नको."

म्हशीला वैरण कापताना विळा सटकला होता आणि उजव्या मनगटाच्या थोडा वर, आतल्या बाजूला लागला होता. गावातल्या दवाखान्यात टाके घालून पट्टी बांधून दिली होती. तो रविवार मी जाऊ दिला आणि पुढच्या रविवारी गेले. बेळगावहून निपाणी, निपाणीहून दुसरी गाडी, असं करत पोचेपर्यंत अकरा वाजले. आक्का चुलीपुढं बसली होती आणि डाव्या हातानं भाकरी उलटत होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला. मी शेजारी बसले आणि तो हात हातात घेतला, तर तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या टोकाला दोन टपोरे फोड.

"हे कसलं गं?"

"तव्याचं आसंल."

"आसंल म्हणजे? भाजलेलं कळलं नाही?"

"न्हाय बाई. परवा वास आला तवा बघितलं."

मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि शिवणाच्या दोऱ्याचं टोक तिच्या एकेका बोटावर टेकवत गेले. अंगठा, काही नाही. तर्जनी, काही नाही. मधलं बोट, काही नाही. करंगळीवर दोरा टेकल्यावर ती म्हणाली, "हां, हितं कळतंय." मग मी म्हटलं, अंगठा करंगळीला लाव. तिनं जोर केला, कपाळावर आठ्या आल्या, पण अंगठा जागचा हलला नाही. मनगटातली मधली नस पुरती तुटली होती, आणि वर कातडी शिवून दहा दिवस झाले होते. मी बारा वर्षं नसांचं काम करत होते आणि फोनवर मी तिला एवढंच म्हणाले होते, की पट्टी ओली करू नकोस.

दुसऱ्याच दिवशी तिला बेळगावला आणलं. एका मोठ्या इस्पितळात नस जोडणारे सर्जन होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, उशीर झालाय पण फार नाही. दाखल करतानाचा अर्ज कन्नडमध्ये होता, तो मी भरला. सहीच्या जागी नर्सनं शाईचा पॅड पुढं केला आणि आक्काचा डावा अंगठा धरला. आक्कानं हात मागं घेतला. "मला सही येतीय की," ती म्हणाली. चौथीपर्यंत शिकलेली बाई ती, आयुष्यात कधी अंगठा उठवला नव्हता. उजव्या हातात पेन धरून बघितलं, ते गळून पडलं. मग तिनं डावा अंगठा दिला आणि नंतर बराच वेळ पदराला शाई पुसत राहिली.

शस्त्रक्रिया झाली. नसेची दोन टोकं केसाहून बारीक दोऱ्यानं जोडली आणि हात प्लास्टरच्या पट्टीत बांधला. तीन आठवडे ती माझ्या खोलीवर राहिली. म्हैस काकूंच्याकडं.

त्या तीन आठवड्यांबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही. मी तिची वेणी घालायचे. परकराची नाडी बांधायचे. सकाळी तिच्यासाठी डबा झाकून ठेवून जायचे आणि संध्याकाळी जिना चढताना वर दिवा लागलेला दिसायचा. एवढ्या वर्षांत माझ्या खोलीत माझ्या आधी कुणी दिवा लावलेला नव्हता. मी भाजी चिरत असले की ती कॉटवर बसून विचारायची, आज काय झालं. काहीच झालेलं नसायचं, पण मी काहीतरी शोधून सांगायचे.

प्लास्टर काढलं त्या दिवशी सर्जननी दोन गोष्टी सांगितल्या. बोटं दिवसातून पाच-सहा वेळा दुसऱ्या हातानं पूर्ण वाकवायची आणि सरळ करायची, नाहीतर सांधे धरतात. आणि नस वाढताना दुखेल, झिणझिण्या येतील, त्याला दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. मला त्यांनी एक युक्तीही दाखवली. मनगटापासून तळहाताकडं बोटानं हळू टिचक्या मारत जायचं. जिथं टिचकी मारल्यावर बोटांकडं करंट गेल्यासारखं वाटतं, तिथवर नवी नस आलेली असते. "दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर," ते म्हणाले. "घाई करून चालत नाही."

संध्याकाळी खोलीवर आल्यावर आक्कानं गोळ्यांची पाकिटं मांडीवर घेतली आणि विचारलं, "तू दिसभर ह्येच बघतीस न्हवं? नसा?"

"हो."

"मग सांग की मला. माझ्या हातात काय चाललंय आता?"

मला हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. प्रकल्प बघणारे सर विचारायचे ते निकाल काय आले एवढंच. नातेवाईक विचारायचे, पगार किती आणि कायम कधी होणार. मी भाजीची सुरी खाली ठेवली आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

मी सांगितलं, की नस म्हणजे आत एक तार आणि तिच्यावर चरबीचं आवरण, त्याला मायलिन म्हणतात. नस तुटली की तुटल्याजागेपासून पुढचा सगळा भाग मरतो. आवरणाचे तुकडे तुकडे होतात आणि तो चुरा तिथंच पडून राहतो. तो असेपर्यंत नवी तार पुढं सरकत नाही.

"मग ते झाडतं कोण?"

"थोडं तिथल्याच पेशी झाडतात. पण त्यांना एकट्यांना ते होत नाही. मग त्या रक्तात निरोप सोडतात, म्हणजे एक प्रकारचे रस सोडतात. तो निरोप लागला की रक्तातल्या खादाड पेशी तिथं येतात आणि सगळा चुरा खाऊन टाकतात. तिथं सूज येते, ती त्यामुळंच."

"आणि निरोप पोचलाच न्हाय तर?"

"तर चुरा तसाच राहतो. आक्का, मी तेच काम करते. उंदरांच्या अंगात त्यातला एक निरोप अडवते आणि बघते काय होतं."

"अडवतीस?" ती माझ्याकडं बघत राहिली. "कशापायी गं? बिचारी."

मी हसले. तिला सांगितलं, की अडवल्यावर काय बिघडतं ते बघितलं तरच तो निरोप कशासाठी असतो ते कळतं. ज्या उंदरांचा निरोप मी अडवते, त्यांच्या नसेत कितीतरी आठवड्यांनीसुद्धा त्या चुऱ्याचे काळे गोळे साचलेले दिसतात, आणि नव्या तारा अलीकडंच अडलेल्या असतात. मी सांगत गेले. ती मध्ये मध्ये "व्हय?" म्हणायची आणि मला आणखी सांगावंसं वाटायचं. भात उतू गेला तरी मी उठले नाही.

मग तिनं एक पाकीट वर केलं. "ही गोळी कशाची?"

"सूज उतरायची. दुखायचं कमी होतं."

"पर सूज तर पायजे म्हणालीस."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. माणसाच्या नसेबद्दल, त्या गोळीबद्दल मला तसं ठामपणे काहीही माहीत नव्हतं. पण ती माझं बोलणं इतकं मन लावून ऐकत होती, आणि तिनं इतका नेमका प्रश्न विचारला होता, की मला त्याला माझ्या कामातलंच उत्तर द्यावंसं वाटलं. मी म्हणाले, "तसं बघितलं तर सूज एकदम मारू नये. अगदीच सोसवलं नाही तरच घे."

ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी ती बोरगावला गेली. म्हशीनं काकूंना धार काढू दिली नव्हती म्हणे, त्यामुळं थांबायला तयार होईना. मी तिला निपाणीपर्यंत सोडलं. परत येऊन जिना चढले तेव्हा खोलीत अंधार होता. तिच्या केसांच्या तेलाचा वास कॉटच्या उशीला होता. तो चार-पाच दिवसांत गेला.

त्यानंतर दर रविवारी मी बोरगावला जायला लागले. उंबऱ्याजवळ उजेडात आम्ही बसायचो. मी तिच्या मनगटावरून टिचक्या मारत पुढं जायचे आणि ती डोळे मिटून सांगायची, "न्हाय... न्हाय... हां! गेलं बघ बोटात." तिथं मी बॉलपेननं छोटी रेघ मारायचे आणि तारीख वहीत लिहायचे. तिसऱ्या रविवारी रेघ मनगटाची घडी ओलांडून तळहातावर आली. आक्का म्हणाली, "आली म्हणायची गाडी गावच्या येशीत." मलाही हसू आलं. आठवडाभर बिनखिडकीच्या खोलीत उंदरांच्या नसा बघत बसणारी मी, रविवारी आईच्या हातावर रेघा ओढायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी मी आठवडा काढायचे.

रेघ पुढं जात होती म्हणून बाकी कशाकडं माझं लक्ष गेलं नाही. ती सुकत चालली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी विचारलं की म्हणायची, "वय झालं की आता." व्यायाम करतेस का विचारलं तर, "करत्ये की."

सहाव्या रविवारी मी निघाले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तुझी आई झोपती का गं, विचारलंस कधी?"

"का हो काकू?"

"पहाटंला हात पोटाशी धरून परसात येरझाऱ्या घालत असत्या. परवा मी म्हटलं, गोळी घे, तर म्हणाली, लेकीनं नको म्हटलंय."

मी परत आत गेले. फळीवरच्या पितळी डब्यात दोन्ही प्रकारच्या गोळ्यांची पाकिटं होती, दोऱ्यानं बांधून ठेवलेली. एकही गोळी फोडलेली नव्हती. सूज उतरवायचीही नाही आणि नसेच्या दुखण्याची वेगळी दिली होती तीही नाही.

"आक्का, हे काय?"

ती चहाचं भांडं विसळत होती. "तूच म्हणालतीस न्हवं? सुजेनंच काम हुतंय. मग मी कशाला मधी येऊ."

"सोसवलं नाही तर घे म्हणाले होते मी."

"सोसतंय की," ती म्हणाली.

मी तिची बोटं हातात घेऊन वाकवायला गेले. तर्जनी अर्ध्यावर येऊन अडली, परत सरळही पुरती होईना. जरा जोर केला तर तिच्या तोंडातून आवाज आला आणि तिनं हात ओढून घेतला. दुखतंय म्हणून तिनं बोटं हलवलीच नव्हती. मी दर रविवारी तळहातावर टिचक्या मारत होते आणि बोटं वाकवून बघितली नव्हती.

मंगळवारी रजा टाकून तिला सर्जनकडं नेलं. त्यांनी बोटं बघितली, गोळ्यांची न फोडलेली पाकिटं बघितली, मग माझ्याकडं. ते घरी कन्नड बोलणारे, पण मराठी चांगलं बोलायचे.

"गोळ्या बंद कुणी केल्या?"

मी सांगितलं. तिला तसं का म्हटलं तेही सांगितलं. मी काय काम करते हे त्यांना आधी माहीत नव्हतं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही उंदरात एक निरोप मुळापासून अडवता. ही गोळी तसं करत नाही. शिवाय असे निरोप एक-दोन नसतात. काही या म्हणून सांगतात, काही नंतर पुरे म्हणून सांगतात. कुणाला किती दिवस बोलू द्यायचं, हे माणसाच्या नसेत तुम्हालाही नक्की माहीत नाही आणि मलाही नाही. पण सांधा धरला की काय होतं, ते मला रोज दिसतं."

तेवढ्यात आक्का म्हणाली, "तिला काय बोलू नका डॉक्टर. ती घेच म्हणत हुती. मलाच गोळ्या सोसत न्हाईत, पोटात जळजळतंय."

सर्जननी तिच्याकडं बघितलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

बाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो तेव्हा मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुझ्याच कामाचं माणूस ते," ती म्हणाली. "त्याच्यापुढं तुला कमीपणा आलेला बरा दिसतो व्हय?"

मी रस्त्याकडं तोंड केलं. रिक्षा आली, तिनं डाव्या हातानं दांडी धरली आणि आधी ती चढली. वर गेल्यावर मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेवली. तिनं विचारलं, "घिऊ?" मी गोळी फोडून तिच्या डाव्या तळहातावर ठेवली. गोळी घेऊन ती दुपारभर झोपली, मधे कूससुद्धा बदलली नाही. मी कॉटशेजारी जमिनीवर बसून होते. आठवडेच्या आठवडे ती अशी झोपली नव्हती, आणि ती माझ्यावरच्या विश्वासानं झोपली नव्हती, हे मनातून जाईना.

नंतर सगळं नीट झालं असं नाही. नस तिच्या चालीनं चालत राहिली. उन्हाळा लागेपर्यंत रेघ बोटांच्या मुळाशी आली, आणि पुढं एकदा मी दोरा टेकवल्यावर तिनं अंगठा झटकला आणि म्हणाली, "थंड लागलं." अंगठा करंगळीला लागायला लागला. तिनं वहीच्या मागच्या पानावर सही करून दाखवली, अक्षरं मोठी आणि थरथरलेली. पण तर्जनीचा मधला सांधा कधी पुरता सरळ झाला नाही. तो वाकडाच राहिला. भाकरी थापताना तिथं खळगा पडतो, म्हणून ती आता भाकरी पोळपाटावर लाटते. मधल्या बोटाच्या टोकाला सगळं घोंगडीवर हात ठेवल्यासारखं लागतं, असं ती सांगते. तुटलेली नस उशिरा जोडली त्यामुळं असेल, वयामुळं असेल. पण सांधा माझ्यामुळं धरला. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "म्हशीला वाकडं बोट चालतंय," आणि धार काढायला गेली.

प्रयोगशाळेत मी माझं काम पुरं केलं. निकाल चांगले होते. निरोप अडवलेल्या नसेत चुरा राहतो, न अडवलेल्या नसेत तो जातो, हे सगळ्या कापांत दिसत होतं. सरांना मी शोधनिबंधाच्या शेवटी दोन वाक्यं घालायला लावली, की याचा माणसांच्या औषधोपचाराशी थेट संबंध जोडू नये. ते म्हणाले, हे सगळ्यांना माहीतच असतं. मी म्हटलं, तरी असू दे. प्रकल्प संपला तशी माझी नोकरीही संपली. आता मी एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना असते. तिथं निदान विद्यार्थ्यांचा आवाज असतो.

हात बरा झाल्यावर एका रविवारी आक्का म्हणाली, "आता कशाला दर आठवड्याला हेलपाटा घालतीस? झाला की हात." तिनं ते माझ्या दमणुकीच्या काळजीनं म्हटलं होतं. हात बघायला येते असं एवढे महिने म्हणत होते, आणि आता नुसती येते असं म्हणायची सवय आमच्या दोघींनाही नव्हती. मी म्हणाले, "बरं, महिन्यानं येईन."

तिला बेळगावला येऊन राहा असं मी दोनदा म्हटलं. ती म्हणते, तुझ्या जिन्यावरून म्हैस चढंल का. खरं कारण ते नाही, पण मीही पुढं विचारत नाही. रविवारी सकाळी मी कपडे धुते, दोरीवर घालते, आणि दहाच्या सुमाराला तिला फोन करते. ती काकूंच्या सुनेचं सांगते, म्हैस गाभण आहे ते सांगते, यंदा शेवग्याला शेंगा लई लागल्यात ते सांगते. मग म्हणते, "आणि तुझं काय?"

"काही नाही," मी म्हणते, आणि फोन आधी दोघींपैकी कुणीच ठेवत नाही.